प्रवासातले एकोणसाठ लाख

मंगळवार, २ एप्रिल २०२४

दुरुस्ती. कालच्या नोंदीत कॉफी पंधराशे वॉनची लिहिली आहे. ती अठराशेची होती. बर्फाचे तीनशे धरायचे राहिले. त्यामुळे कालचा एकूण खर्च ९,४०० नसून ९,७००. सकाळी दात घासताना चूक लक्षात आली, आणि कामावर, दातांच्या दवाखान्यात पोचून ती कागदावर टिपेपर्यंत मला चैन पडलं नाही.

ही सवय बाबांची. लहानपणी मला दमा होता, म्हणून शाळेत एक वर्ष उशिरा गेले. तोवर बाबांनी जेचॉन गावातल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसवून मला अक्षरं आणि आकडे शिकवले. खिळे मोजून बेरीज, बिजागऱ्या मांडून गुणाकार. त्यांचा नियम एकच: जे घडलं ते त्याच दिवशी, घडलं तसं लिहायचं. तो मी आजवर मोडलेला नाही.

तेव्हा आज सगळं चित्र स्वच्छ मांडते.

चार कार्डांचं देणं: ६४,८०,००० वॉन. हे देणं असलं तरी थकबाकी नाही. दर महिन्याला दहा टक्के भरायचे आणि उरलेलं पुढच्या महिन्यावर ढकलायचं, अशी सोय कार्डवाल्यांनी मला स्वतःहून मेसेज पाठवून दिली. व्याज सतरा टक्के. पण अशी सोय ते कुणालाही देत नसणार.

बाबांच्या सत्तरीचा निधी: जानेवारी २०२१ पासून दादा आणि मी दरमहा एकेक लाख घालतो. खजिनदार मी, कारण घरात हिशोब मीच नीट ठेवते. वहीत ७८ लाख आहेत. खात्यात १९ लाख आहेत. मधले ५९ लाख प्रवासात आहेत, म्हणजे खात्यातून कार्डांकडे गेलेत आणि यथावकाश परत येणार आहेत.

कार्डांचं देणं आणि प्रवासातली रक्कम ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांची बेरीज करणं हिशोबाच्या दृष्टीने चूक ठरेल.

सुदैवाने वेळ भरपूर आहे. पूर्वी आपल्याकडे जन्मल्या दिवशी एक वर्षाचं धरायचे आणि दर नववर्षाला एक वाढवायचे. गेल्या जूनमध्ये कायदा झाला, आता वाढदिवसालाच वय वाढतं. बाबा १९५५ चे. म्हणजे सत्तरी पुढच्या जूनमध्ये. हातात चौदा महिने. महिन्याला ४,२०,००० परत घातले की ५८,८०,००० होतात. वीस हजार कमी पडतात, ते कार्डांच्या सवलतीतून निघतील.

पुष्कळ हलकं वाटलं. संध्याकाळी साधा रामेन. अंडं घातलं नाही.

बुधवार, ३ एप्रिल

भिकाऱ्यांच्या खोलीत दाखल झाले. फोनवरच्या चॅटचा हा उघडा गट आहे, सगळे अनोळखी. प्रत्येकाने प्रत्येक खर्च सांगायचा आणि बाकीच्यांनी त्याला झापायचं. मी नाव घेतलं ‘बर्फाशिवाय’.

एकीने लिहिलं, टॅक्सीने आले, ७,२००. लगेच शिळाभात नावाचा माणूस म्हणाला, “पाय कुठे गहाण ठेवलेत, ताई?” दुसरा म्हणाला, “सात हजारात मी तीन दिवस जगतो आणि चौथ्या दिवशी पाहुणे बोलावतो.”

मी दिवसभराचा खर्च सांगितला: बस १,५००, दुपारी घरचा डबा. शिळाभात म्हणाला, “या बाईंना खोलीचं अध्यक्ष करा.”

केशरी कार्डावर ८४,००० ची चादर घेतली ती सांगितली नाही. तो खर्च नव्हे, पात्रता आहे. प्रत्येक कार्डावर महिन्याला तीन लाखांची खरेदी झाली, तरच पुढच्या महिन्यात सवलत सुरू राहते. हिरव्यावर बस आणि फोन, निळ्यावर कॉफी, केशरीवर वाणसामान, पांढऱ्यावर केस कापणं. चारही अटी पाळल्या की महिन्याला ४५,००० वाचतात. त्यासाठी बारा लाखांची खरेदी करावी लागते, पण ती मी काटेकोरपणे करते.

सोमवार, १५ एप्रिल

काल रविवार होता, म्हणून कार्डांची वसुली आज झाली. हिरव्या कार्डाचे २,८०,००० निधीच्या खात्यातूनच गेले. २०२२ मध्ये दोन महिन्यांसाठी म्हणून ते कार्ड त्या खात्याला जोडलं होतं. बदलायचं आहे. त्यासाठी ॲपमध्ये ओळखीचा पुरावा नव्याने द्यावा लागतो आणि माझ्या ओळखपत्रावरचा फोटो त्याला पटत नाही.

वहीत नोंद केली: प्रवासात आणखी २,८०,०००.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज दवाखान्यात एक आजोबा आले होते. दोन दात बसवायचे होते. काउंटरशी येऊन मला हळूच म्हणाले, “बाई, बारा हप्ते केले तर फुकट पडतं का हो?” मी त्यांना खाली बसवलं, कागदावर व्याज मांडून दाखवलं आणि म्हटलं, “आजोबा, आत्ता एकच दात करा, दुसरा हिवाळ्यात. हातात नाहीत ते पैसे आज चावायला घेऊ नका.” ते म्हणाले, “तुमच्या घरच्यांचं भाग्य आहे.”

दिवसभर बरं वाटत होतं. घरी येताना निळ्या कार्डावर केक घेतला. अट अजून १,१०,००० ने कमी होती.

शनिवार, २७ एप्रिल

जेचॉनला गेले. नोंद जरा सविस्तर करावी लागेल.

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात, दादा-वहिनी पलीकडच्या गल्लीत. दादा सिमेंटचा ट्रक चालवतो, वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. जेवताना वहिनी म्हणाली, “वन्सं, हॉल ठरवला बरं का. पंधरा जून, दुपारी बारा. चाळीस पानं.”

मी म्हटलं, वर्षभर आधी कशाला?

“कसलं वर्षभर? यंदाच्या पंधरा जूनला. तिथीने पाचव्या महिन्याची दहावी नेमकी शनिवारी आलीय.”

मी शांतपणे कायदा समजावून सांगितला. कायद्याने बाबा यंदा एकोणसत्तर पूर्ण करतात. वहिनीने भाजीचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, “कायदा पोलीस चौकीत ठेवा. सत्तरी काय सरकार करतं होय? नवीन वर्ष लागलं तेव्हा बाबांनी वय वाढवणाऱ्या सूपचा सत्तरावा वाडगा प्यायला. मी स्वतः वाढला.”

दादा हसून म्हणाला, “घरातली एवढी हिशोबाची पोर, आणि बापाच्या वयात वर्षाची चूक! सोदाम, तुझ्या वहीत मी अजून जन्मलोय का, ते एकदा बघून सांग.”

बाबा म्हणाले, “दोन्ही बरोबर. यंदा एक करा, पुढच्या वर्षी एक करा. मला दोनदा जेवण.”

मग दादाने विचारलं, “किती झालेत गं एकूण?”

मी म्हटलं, वहीत ऐंशी लाख. वहीत खरंच ऐंशी लाख आहेत. एप्रिलचे दोन धरून.

दादाने वहिनीकडे असं पाहिलं, जणू ते ऐंशी लाख त्यानेच जन्माला घातलेत. पुढचं सगळं त्यांनी ठरवलेलंच होतं. हॉलला सव्वीस लाख. दहा आगाऊ, ते मी तिथल्या तिथे फोनवरून पाठवले, आणि दादा म्हणाला, “बघ, एका बोटात.” आणि बाबांना हातात पस्तीस लाख रोख. डोंगर चढणारी त्यांची मंडळी आहे, तिघं मित्र. सप्टेंबरमध्ये चौघं व्हिएतनामला जाणार. बाबा आजवर देशाबाहेर गेलेले नाहीत. विमानातही बसलेत ते एकदाच, चेजू बेटापर्यंत, आईबरोबर.

बाबांनी आतल्या खोलीतून पिशवी आणली आणि पोहायची चड्डी काढून दाखवली. निळी, बाजूला पांढरी पट्टी. “आयुष्यात पहिली,” म्हणाले. “दुकानदार म्हणाला, काका, पोहता येतं का? म्हटलं, पाण्यात उभं राहता येतं.”

परतीच्या गाडीत नवा आराखडा केला. चौदा महिन्यांऐवजी सात आठवडे. तत्त्व तेच आहे, फक्त गती वाढवावी लागेल.

मंगळवार, ३० एप्रिल

हिरव्या कार्डाच्या अटीला ३८,००० कमी. महिन्याचा शेवटचा दिवस. जेवणाच्या सुट्टीत ऑनलाइन पाय शेकायचं मशीन घेतलं, १,२९,०००. जास्तीचे ९१,००० आरोग्य या सदरात.

गुरुवार, २ मे

दुकानाने व्यवहार आज नोंदवला, काल-परवा नाही. एप्रिलची अट हुकली, मेची सवलत बंद. मात्र मेच्या अटीत पहिल्या दोन दिवसांतच १,२९,००० जमा झालेत. इतकी चांगली सुरुवात कुठल्याच महिन्याची झाली नव्हती.

बुधवार, ८ मे

आज आईवडिलांचा दिवस. बाबांना फुलं आणि एक लाख वॉन पाठवले. एक लाख निधीच्या खात्यातून. शेवटी ते पैसे बाबांचेच, त्यांना थोडे लवकर मिळाले इतकंच.

बाबांचा फोन आला, “पोरी, कशाला एवढे? तुला तिकडे भाडं असतं.” मी म्हटलं, काही नाही हो, बाजूला काढलेले होते. यातलाही प्रत्येक शब्द खरा आहे.

भिकाऱ्यांच्या खोलीत मला आता ‘अध्यक्षबाई’ म्हणतात. काल एका मुलीने हात धुवायचा साबण आणला म्हणून तिच्यावर पाच मिनिटं सगळे तुटून पडले होते. मी तिला सांगितलं, कामावरून घरी निघतानाच हात धुवावेत. अठ्ठावीस जणांना आवडलं.

शनिवार, २५ मे

काल पगार झाला. २३,५०,०००. भाडं, फोन, वीज, चार कार्डांचे दहा-दहा टक्के, व्याज, आणि अटी. निधीत परत घालायचे ठरले होते २०,००,०००. घातले ६०,०००. सुरुवात म्हणून ठीक.

पण मार्ग सापडला आहे. पाहुणे! चाळीस पानं म्हणजे निदान पंचवीस घरं. प्रत्येक घराचं एक पाकीट, पाकिटात एक लाख. पंचवीस लाख. हे पैसे बाबांना हातात द्यायच्या रकमेत धरता येतील, कारण ते बाबांनाच येणार आहेत. उरले दहा लाख. दहा लाख काही फार नाहीत.

इतके दिवस हे सुचलं कसं नाही, याचं नवल वाटतं. शांत झोप लागली.

शुक्रवार, ३१ मे

वहिनीने सगळ्यांना निमंत्रण पाठवलं. बाबांचा पारंपरिक कपड्यातला फोटो, खाली हॉलचा पत्ता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: ‘पाकिटं कृपया आणू नयेत. आपलं येणं हीच भेट.’

लगेच फोन केला. वहिनी म्हणाली, “बाबांनीच घातलंय ते. म्हणाले, लोकांच्या घरी आधीच महागाई, त्यात माझ्या वयाचा दंड कशाला? आणि वन्सं, आपल्याला काय कमी आहे? तुम्ही आहात की.”

मग म्हणाली, रोख रक्कम पाकिटात देणं बरं दिसत नाही, म्हणून तिने पैशांचा केक मागवला आहे. वर खरा केक, आत लपवलेली प्लास्टिकची पट्टी, पट्टीला सत्तर कप्पे. वरची चकती धरून ओढली की एकामागून एक नोटा बाहेर येतात. “सत्तर वर्षं, सत्तर नोटा. पन्नास-पन्नास हजारांच्या. कोऱ्या आणा हं. पट्टी तुमच्याकडे पाठवते, भरायचं काम तुम्हीच करा. तुमचा हात स्वच्छ.”

गुरुवार, ६ जून

सुट्टी. सकाळी नऊ ते दुपारी दोन हिशोब.

खात्यात ६,८०,०००.
लागणार: हॉलचे उरलेले १६ लाख आणि केकचे ३५ लाख.

हॉलचा प्रश्न तासाभरात सुटला. हॉल कार्ड घेतो. पांढऱ्या कार्डावर सोळा लाख, पाच हप्ते, बिनव्याजी. शिवाय पांढऱ्याची तीन लाखांची अट एका फटक्यात पाच पटींनी पुरी होते. हे आधीच केलं असतं तर त्या कार्डासाठी केस तीनदा कापावे लागले नसते.

केकचा प्रश्न राहिला. तीन कंपन्यांकडे कर्ज मागितलं. पहिलीने नाही म्हटलं, दुसरीनेही, तिसरीने “प्रिय ग्राहक” असं लिहून नाही म्हटलं. तिसरीची भाषा चांगली होती.

दादाला सांगावं का, असा विचार एक वाजून दहा मिनिटांनी आला. फोन हातात घेतला. पण दादा सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपतो. झोपलेल्या माणसाला उठवून असं काही सांगणं योग्य नाही.

सोमवार, १० जून

खोलीत सहज विचारलं: माझी एक मैत्रीण आहे. तिच्याकडे घरच्यांचे पैसे ठेवायला होते. ते सध्या जागेवर नाहीत. शनिवारी लागणार आहेत. तिने काय करावं?

शिळाभात म्हणाला, “मैत्रिणीचं नाव बर्फाशिवाय तर नाही ना?”

साबणवाली मुलगी म्हणाली, “मैत्रिणीला म्हणावं, आज बापाला फोन कर. शनिवारी लाज चाळीस जणांसमोर जाईल, आज एकासमोर जाईल.”

आणखी कुणी म्हणालं, “कार्डं काप. कात्री नसेल तर मी पाठवतो, डिलिव्हरीचा खर्च माझा.” त्यावर सगळे त्याला डिलिव्हरीच्या खर्चावरून झापू लागले.

मी खोली सोडली. या लोकांना साधा खर्च आणि खेळतं भांडवल यातला फरक कळत नाही. तिथे राहून माझीच दृष्टी लहान होत होती.

शुक्रवार, १४ जून

जेवणाच्या सुट्टीत बँकेत गेले. सकाळीच हिरव्या कार्डाची वसुली निधीच्या खात्यातून होऊन गेली होती: २,६७,०००. ते जोडणं बदलायचं राहूनच गेलं. खात्यात ४,१३,०००.

रांगेत माझा नंबर येईपर्यंत विचार केला. वहिनीची मूळ इच्छा काय? सत्तर वर्षं, सत्तर नोटा. सत्तर हा आकडा महत्त्वाचा. ४,१३,००० मध्ये पन्नास हजारांच्या सात नोटा बसतात आणि उरलेल्या ६३,००० च्या हजाराच्या त्रेसष्ट. सात अधिक त्रेसष्ट, सत्तर. एक वॉन शिल्लक नाही, एक वॉन कमी नाही. इतका नेमका हिशोब बऱ्याच दिवसांत जमला नव्हता.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “हजाराच्या त्रेसष्ट? दुकान आहे का?” मी म्हटलं, केक आहे.

अशा केकचे बावीस व्हिडिओ पाहिले. लोक सहा-सात नोटांपर्यंत ओरडतात, मग टाळ्या वाजवतात आणि जेवायला वळतात. तेव्हा वरच्या सात पन्नास हजारांच्या पिवळ्या, पुढच्या हजाराच्या निळ्या. निळ्या नोटा म्हणजे कप्प्यांची जागा धरून ठेवणारे पाहुणे. पगार झाला की एकेक उठवून त्यांच्या जागी खऱ्या बसवायच्या. बाबा केकची पट्टी जपून ठेवतील, ते काहीच टाकत नाहीत. मी दर महिन्याला जाऊन बदलीन.

पट्टी भरून झाली. कप्प्यांत नोटा सरळ बसल्या आहेत, सगळ्यांची तोंडं एका बाजूला.

शनिवार, १५ जून

घडलं तसं लिहिते.

हॉलमध्ये चाळीस नाही, त्रेचाळीस माणसं. बाबा फिक्या हिरव्या पारंपरिक कपड्यात. मी पांढऱ्या कार्डावर सोळा लाख भरले. दादाने विचारलं, “निधीतून नाही?” मी म्हटलं, यावर सवलत आहे. तो जवळच्या काकांना म्हणाला, “बघा, आमची सोदाम. एक वॉन वाया जाऊ देत नाही.” काकांनी मला हात जोडले.

मग केक. दादाने माइक घेतला आणि म्हणाला, “तीन वर्षं, पाच महिने! दर महिन्याला, एकही चुकवला नाही! बाबा, ही पट्टी ओढत ओढत थेट व्हिएतनामला जा!”

बाबांनी चकती धरली आणि ओढली. पिवळी. सगळे ओरडले. दुसरी पिवळी. डोंगरवाल्या मंडळींतले एक आजोबा खुर्चीवर उभे राहिले. तिसरी, चौथी, पाचवी. बाबांचा चेहरा लाल झाला होता आणि ते लहान मुलासारखे हसत होते. सहावी. सातवी.

लोक जेवायला वळले नाहीत. सगळे मिळून मोजत होते.

आठवीचा निळा कोपरा क्रीममधून वर आला. मी बाबांच्या डाव्या बाजूला उभी होते. तो कोपरा फक्त आम्हा दोघांना दिसला. बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उजवा तळवा केकवर पालथा ठेवला, सगळं क्रीम बाहीला लागलं, आणि म्हणाले, “पुरे.”

सगळे ओरडले, “ओढा, ओढा!”

बाबा म्हणाले, “खुळा आहे का मी? अख्खी पट्टी तुमच्यासमोर काढली तर उद्यापासून दारात उधार मागायला रांग लावाल. बाकीचं घरी जाऊन ओढीन. दार लावून.”

हॉलभर हशा. काका म्हणाले, “दुकानदार तो दुकानदारच!” वहिनी केक हलवायला पुढे आली तर बाबा म्हणाले, “राहू दे सूनबाई, मीच धरतो.” आणि जेवण होईपर्यंत केक मांडीजवळच्या खुर्चीवर ठेवून त्यावर हात ठेवून बसले. त्यांनी फार कमी खाल्लं. मी सूप घेतलं. कुठलं ते आठवत नाही.

एकंदरीत कार्यक्रम चांगला झाला. सगळे तसंच म्हणाले.

रविवार, १६ जून

सकाळी सात वाजता बाबांचा फोन.

म्हणाले, “पोरी, मोजल्या. सत्तर नोटा आहेत.”

मी म्हटलं, हो बाबा.

“आत्ता तुझा दादा, ग्यूचॉल, येऊन गेला. विचारत होता, बाबा, बरोबर आहेत ना? म्हटलं, सत्तर. एकही कमी नाही.”



मग म्हणाले, “मंडळींना कळवून टाकलं. कंबर साथ देत नाही, विमानात पाच तास बसवणार नाही. ते तिघं जातील. मला म्हणाले, म्हातारा झालास. म्हटलं, झालो की, कालच झालो, तुम्ही जेवलात ना?” थोडं हसले. “आणि पासपोर्ट दहा वर्षं चालतो म्हणे. चांगला आहे. फोटो पण बरा आलाय.”

पुढे म्हणाले, “हजाराच्या नोटा बऱ्या पडतात. बाजारात सुट्टे कुणाकडे नसतात.”

शेवटी विचारलं, “तू नीट जेवतेस ना तिकडे?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “जेव,” आणि ठेवला.

आधी वहीत लिहिलं: बाबांना फरक जाणवलेला नाही. मग खोडलं. लिहिलं: बाबांना जाणवलं, पण त्यांची हरकत नाही. तेही खोडलं.

बाबांची कंबर चांगली आहे. मागच्या महिन्यात ते डोंगर चढून आले. बाबा आयुष्यात कधी खोटा आकडा बोललेले नाहीत, आणि आजही दादाला बोलले नाहीत. सत्तर खरेच आहेत. असं खरं बोलायला ते कुणाकडून शिकले, ते मला ठाऊक आहे.

कार्डांचं देणं आणि प्रवासातली रक्कम, दोन्ही खात्यांची बेरीज केली. एक कोटी एकेचाळीस लाख सतरा हजार वॉन. पुन्हा केली. तेवढीच आली.

बाबांना आणि दादाला सांगायचं आहे. फोनवर नाही, समोर बसून, वही उघडी ठेवून. २३ ला दवाखान्याची सहल आहे, पैसे भरलेत आणि ते परत मिळत नाहीत. ३० ला महिनाअखेर, त्या दिवशी माझं डोकं जागेवर नसतं. ७ जुलैला दादाची पाळी आहे, तो घरी नसेल. त्यापुढच्या रविवारी दादा घरी आहे, वहिनी घरी आहे, बाबा तर असतातच. गाडी ९.२० ला आहे. मला त्या दिवशी काहीही काम नाही. कॅलेंडर दोनदा पाहिलं. खरंच काही नाही.

सांगायचा दिवस: रविवार, १४ जुलै २०२४.